चार बोटं माया

जालन्यात आमच्या गल्लीला पाणी अकराव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
तोवर मी मशीनवर बसते.
पाय झोपतात, मशीन झोपत नाही.

पलीकडे खाटेवर एलिया.
सळईच्या मिलमध्ये लाल तापलेली सळई
रुळावरून सुटली, हवेत वळली,
आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेली.
तो सप्टेंबर होता, आता एप्रिल.
ठेकेदारानं दोनदा फोन उचलला,
मग तो नंबरच अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगू लागली.

तेव्हापासून घरात आम्ही ‘आज’ म्हणतो.
फार तर ‘उद्या’, तोही दळणापुरता.
त्याच्यापलीकडचं कुणी काही बोलत नाही.

प्रार्थना करतेस का, पाळकबाई विचारतात.
करते.
दोरा ओवताना त्याचं टोक ओठांत धरते,
तेव्हा तोंडात त्याचंच नाव असतं.
भांडतेही.
म्हणते, तू तर सुतार होतास,
तुला माहीत आहे हात गेला की घरातून काय काय जातं.
तुझ्या तर दोन्ही हातांना
आणि मग मला पुढं बोलता येत नाही.

मंडळीतल्या बाया मुठीची ज्वारी आणून देतात,
रोजच्या पिठातून नाही, दाण्यातून, चूल पेटवायच्या आधी काढलेली.
बारा घरांची, म्हणून डब्यात बारा रंग:
शाळू, हायब्रीड, कुणाचा एखादा खडाही.
शेजवळ मावशींची मूठ सगळ्यांत लहान.
संधिवातानं त्यांची बोटं मिटत नाहीत,
त्या दोनदा काढतात.

पुनरुत्थानाच्या पहाटे लेकरं पांढऱ्या कपड्यांत
कब्रस्तानात उभी राहून गातात.
सुवार्ताचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाय.
पाळकबाईंनी चर्चमधलं जुनं मेजवस्त्र दिलं,
प्रभुभोजनाच्या मेजावरचं,
एका कोपऱ्यात द्राक्षरसाचा डाग,
कितीदा धुतला तरी फिकट गुलाबी.
मी कापड असं फिरवलं, तसं फिरवलं,
डाग खाली घेतला, आत मुडपला.

सुवार्ता पाण्यासाठी जागीच होती.
“मम्मी, एवढं कामून मुडपायलीस?”
“माया सोडतेय. चार बोटं.
पुढच्या वर्षाला उसवून लांब करता येईल.”

मशीन थांबलं.
मीच थांबवलं असणार.
पुढचं वर्ष
असं म्हणाले मी, माझ्याच तोंडानं,
टाचणी दातांत धरून, सहज,
जणू ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

खाटेवरून आवाज आला,
“चार नको, सहा ठेव.
पोरगी माझ्यावर गेलीय.”
आणि त्यानं डावा हात पुढं केला, मोजायला.

शिंप्याची माया ही अशी,
कापड कमी असलं तरी सोडायची,
वरून दिसत नाही,
घालणाऱ्यालाही माहीत नसते.
उसवल्यावरच कळतं
कुणीतरी तुझ्या वाढण्याचा विचार केला होता.
आमच्या या सात महिन्यांच्या शिवणीत
त्यानंही कुठं आत काही मुडपून ठेवलंय का,
मला ठाऊक नाही.
आज पहिल्यांदा मी चाचपून बघितलं.

अडीचला नळ खोकला.
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
एलिया उठला,
डाव्या हातानं घागर नळाखाली सरकवली,
जरा वाकडी.
मी काही म्हटलं नाही.
अजून टीप मारायची राहिली होती.